चकाकीची हौस

बीडची काळी माती मोटारसायकलला एकदा चिकटली की लांबच्या पाहुण्यासारखी ठाण मांडते. गेल्या धनत्रयोदशीला गाडी धुतली आणि चकाकीचा फवारा सढळ हाताने मारला; टाकीवर, चाकांवर, ब्रेकच्या डिस्कवरसुद्धा!

सौभाग्यवतीला घेऊन अंबाजोगाईस निघालो. पहिल्याच गतिरोधकापाशी पुढचा ब्रेक दाबला, पण तो धरीचना. मागच्या ब्रेकाने लाज राखली. परतताना मांजरसुंब्याचा घाट उतरायचा होता, हे आठवले की अजून घाम फुटतो.

मेकॅनिकने डिस्क साफ केली, तेल प्यालेले पॅड बदलले. आता फवारा आधी फडक्यावर घेतो, मग टाकीला लावतो. डिस्क, टायर आणि सीट वर्ज्य!

"नटवायची तर टाकी नटवा, ब्रेक कोरडाच बरा," असे ही म्हणते. वाचकहो, तिचे ऐका!