पाचवे शील आणि तोंडातील पांढरा चट्टा

धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून देव्हारे गेले, नवससायास गेले, पुष्कळ ठिकाणी दारूही गेली. परंतु तंबाखूची पुडी, गुटखा व मिसरीची डबी अद्याप घरोघर ठाण मांडून आहेत. ‘बावीस प्रतिज्ञांत दारू वर्ज्य आहे, तंबाखू नव्हे,’ असे काही बंधू म्हणतात. हा युक्तिवाद धम्माचा नव्हे, व्यसनाचा आहे. पाचवे शील बेसावधपणाविरुद्ध आहे. आणि तोंडाचा कर्करोग बेसावधपणावरच पोसतो.

हा रोग आरंभी बहुधा दुखत नाही. रोजी बुडाली की ज्याची चूल थंडावते, तो मजूर दुखल्यावाचून दवाखान्याची पायरी चढत नाही; आणि दुखू लागते तेव्हा पुष्कळदा रोग मानेच्या गाठींपर्यंत पोचलेला असतो. मग कर्ता माणूस अंथरुणास खिळतो आणि मुलांची शाळा सुटते. बाबासाहेबांनी ज्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, ते एका पुडीपायी गमवावयाचे काय?

म्हणून खुणा ओळखा. गालाच्या आत, जिभेच्या कडेस वा हिरडीवर पांढरा अथवा लाल चट्टा; दोन आठवड्यांत न भरणारी जखम; तिखट न सोसणे; तीन बोटे मावतील इतकेही तोंड न उघडणे; मानेत गाठ. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे, अंगारे देणाऱ्याचा नव्हे. तपासणीसाठी लहानसा तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे.

केरळात तिरुवनंतपुरम् जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी लोकांची तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या पाहण्याचे हे सामर्थ्य आहे!

तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची मुखतपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करण्याची शासनाची योजना आहे. ती भीक नव्हे, आपला हक्क आहे. केंद्रात जाऊन ती मागा. नाकारली गेल्यास संघटितपणे जाब विचारा.

बंधुभगिनींनो, दर पौर्णिमेस विहारात वंदना झाल्यावर घरी आरशासमोर, उजेडात, प्रत्येकाने आपले तोंड पाहावे. मिसरी लावणाऱ्या वृद्ध मातेचे मुलाने पाहावे. आणि पुडी त्याच दिवशी टाकावी. अत्त दीप होणे म्हणजे स्वतःच्या देहाविषयीही जागे राहणे होय.