बीटीएसला भेटायला उमरग्यातून तीन मुली निघाल्या होत्या, पण के-पॉप उमरग्यापर्यंत पोचलं कसं?

२७ डिसेंबर २०२४. धाराशिव पोलिसांच्या हेल्पलाइनवर एक फोन आला. उमरगा तालुक्यातून तीन मुलींना शाळेच्या व्हॅनमधून जबरदस्तीनं पळवून नेलंय, असं सांगण्यात आलं.

पोलिसांनी लगेच नंबर ट्रेस केला. तो निघाला उमरग्याहून पुण्याकडे चाललेल्या एसटीतल्या एका महिलेचा. गाडी तोवर सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या आसपास पोचली होती. मोहोळचे पोलीस आणि स्टँडवर दुकान चालवणारी एक महिला, यांच्या मदतीनं मुलींना गाडीतून सुखरूप उतरवून घेतलं.

मग कळलं की त्यांना कुणी पळवलंच नव्हतं. दोघी ११ वर्षांच्या, एक १३ वर्षांची. आधी पुणे गाठायचं, तिथं काम करून पैसे साठवायचे आणि दक्षिण कोरियात जाऊन बीटीएसला भेटायचं, असा त्यांचा बेत होता. अपहरणाचा बनाव त्यांनीच रचला होता.

अशी बातमी आली की काही जण हसतात, काही जण मोबाईलला शिव्या घालतात आणि दोन दिवसांत सगळे विसरतात. पण ११ वर्षांची मुलगी पुण्यात उतरून काम शोधत फिरली असती तर काय झालं असतं, याचा विचार केला की हसू येत नाही.

२०२४ च्याच जानेवारीत तमिळनाडूतल्या करूर जिल्ह्यातल्या तीन शाळकरी मुलीही घरातून निघाल्या होत्या. जवळ साधारण १४ हजार रुपये आणि विशाखापट्टणमहून जहाजानं कोरिया गाठायचा बेत. त्या काटपाडी स्टेशनवर सापडल्या. त्यांनाही बीटीएसलाच भेटायचं होतं.

दोन राज्यं, दोन भाषा, पण कहाणी एकच. हजारो किलोमीटर लांबचे सात गायक या मुलींना इतके जवळचे कसे वाटायला लागले? उत्तर के-पॉपच्या इतिहासात सापडतं.

सुरुवात झाली अमेरिकन लष्कराच्या तळांवर

१९५० ते १९५३ च्या युद्धानं कोरिया पार उद्ध्वस्त झाला. पैसा होता तो अमेरिकन सैन्याच्या तळांवर. तिथल्या क्लबमध्ये गाणाऱ्याला कमाई होती, त्यामुळं कोरियन कलाकार अमेरिकन गाणी पाठ करून म्हणू लागले.

यातूनच ‘किम सिस्टर्स’ नावाचं त्रिकूट पुढं आलं. दोघी सख्ख्या बहिणी आणि तिसरी मामेबहीण. १९५९ मध्ये त्या थेट लास वेगासला गेल्या आणि अमेरिकेतल्या ‘एड सुलिव्हन शो’ या गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात झळकल्या. म्हणजे परक्या श्रोत्यांना काय आवडतं ते ओळखून गाणं बसवायचं, हे कोरियन गायकांना साठ-सत्तर वर्षांपूर्वीच जमलेलं होतं.

देशात मात्र परिस्थिती वेगळी होती. पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीत १९७५ साली गाण्यांवर मोठी कात्री चालली. कोरियन रॉकचे जनक मानले जाणारे शिन जुंग-ह्यॉन यांना अटक झाली, त्यांच्या गाण्यांवर बंदी आली. मोकळीक मिळाली ती १९८७ च्या लोकशाही आंदोलनानंतर.

सगळ्यात कमी मार्क मिळालेला ग्रुप

११ एप्रिल १९९२. कोरियातल्या एका टीव्ही स्पर्धेत ‘सो तेजी अँड बॉईज’ नावाचे तीन तरुण आले. रॅप, रॉक आणि डान्स त्यांनी एकत्र करून दाखवलं. परीक्षकांनी त्या दिवशीचे सगळ्यात कमी मार्क यांनाच दिले.

लोकांना मात्र ते गाणं इतकं आवडलं की पुढं १७ आठवडे ते पहिल्या नंबरवर राहिलं. या तिघांपैकी यांग ह्यॉन-सुक यांनी १९९६ मध्ये वायजी एंटरटेनमेंट ही कंपनी काढली. ब्लॅकपिंक ही याच कंपनीची.

ली सू-मान यांच्या एसएम एंटरटेनमेंटनं तर हे काम कारखान्यासारखं लावलं. शाळकरी वयात मुलं निवडायची, काही वर्षं गाणं, नाच, परकीय भाषा, कॅमेऱ्यासमोर कसं वागायचं हे सगळं शिकवायचं आणि मग ग्रुप बाजारात आणायचा. १९९६ चा एच.ओ.टी. हा या पद्धतीतून निघालेला पहिला मोठा ग्रुप.

मग सरकारनं काय केलं?

‘के-पॉप कोरियन सरकारनं उभं केलं’ असं व्हॉट्सॲपवर बरेचदा वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे.

१९९७ मध्ये आशियाई आर्थिक संकट आलं आणि कोरियाला नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. पुढं किम दे-जुंग यांच्या सरकारनं सिनेमा, संगीत, गेम यांच्याकडे निर्यातीचा माल म्हणून बघायला सुरुवात केली. १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांसाठी खास कायदा केला. पण ग्रुप घडवले आणि धोका पत्करला तो खाजगी कंपन्यांनी.

त्यांना बाहेर जाणं भागच होतं. कोरियाची लोकसंख्या आहे सव्वापाच कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मीसुद्धा नाही. एवढ्याशा बाजारात हा खर्च निघत नाही. म्हणून २००० साली एच.ओ.टी.चा कार्यक्रम बीजिंगमध्ये झाला. २००२ मध्ये बोआ या गायिकेचा जपानी अल्बम जपानच्या यादीत पहिला आला.

२०१२ मध्ये साय या गायकाचं ‘गंगनम स्टाईल’ आलं. १०० कोटी व्ह्यूज मिळवणारा यूट्यूबवरचा तो पहिला व्हिडिओ. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीतही त्यावर लोक नाचले. पण ती गंमत होती. गाणं संपलं, विषय संपला.

बीटीएसनं काय वेगळं केलं?

बीटीएस जून २०१३ मध्ये आलं, ते एका छोट्या कंपनीतून. टीव्हीवर मोठ्या कंपन्यांचं वजन होतं. त्यामुळं या मुलांनी पहिलं गाणं येण्याआधीपासूनच इंटरनेटचा आधार घेतला. सराव, जेवण, थट्टामस्करी, थकवा, रडणं, सगळं ऑनलाइन टाकत राहिले.

परिणाम असा झाला की चाहत्याला फक्त गाणं मिळेना, तर रोजची सोबत मिळायला लागली. २०१८ मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला आला. असं करणारा तो पहिला कोरियन ग्रुप. २०२० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. तीच आज हाईब म्हणून ओळखली जाते.

इथंच या धंद्याची मेख आहे. के-पॉपमध्ये गाणं जवळपास फुकट मिळतं, विकली जाते ती जवळीक.

कशी? अल्बमच्या खोक्यात कलाकाराचं एक छोटं फोटोकार्ड असतं. कुणाचं निघेल ते खोकं उघडल्याशिवाय कळत नाही. आवडत्याचं हवं असेल तर आणखी अल्बम घ्या. प्रत्यक्ष भेटीच्या कार्यक्रमाला जायचं असेल तर बरेचदा सोडतीत नंबर लागावा लागतो आणि जितके अल्बम घ्याल तितक्या चिठ्ठ्या. ‘बबल’ नावाचं एक ॲप आहे. त्यात महिन्याचे पैसे भरले की कलाकाराचा मेसेज येतो. तो एकच मेसेज हजारो लोकांना जातो, पण प्रत्येकाला दिसतो तो खाजगी चॅटसारखा. त्यात स्वतःचं नावसुद्धा टाकून घेता येतं.

मोठ्या माणसाला हे सॉफ्टवेअर आहे हे कळतं. ११ वर्षांच्या मुलीला ‘तो माझ्याशी बोलतो’ असं वाटलं, तर तिला वेडी म्हणून चालणार नाही. तसं वाटावं म्हणूनच ते बनवलेलं आहे.

भारतात हे कसं पसरलं?

पहिलं दार उघडलं मणिपूरनं. सन २००० मध्ये तिथल्या एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली. ती पोकळी कोरियन चॅनेल, सिनेमा आणि मालिकांनी भरून काढली. बंदी घातली की मुलं बघायची थांबतात, असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

बाकी देशात २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, मग २०२० चा लॉकडाऊन आला. त्या वर्षी भारतात नेटफ्लिक्सवर कोरियन मालिका बघण्याचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा ३७० टक्क्यांनी वाढल्याचं नेटफ्लिक्सनंच सांगितलं होतं. मालिकांमधून भाषा कानावर पडली आणि गाणी आणखी जवळची झाली.

आता समजा, पुण्यात विश्रांतवाडीत राहणारी नववीतली एक मुलगी आहे. तिच्या मोबाईलवर सोल एका क्लिकवर आहे. घरातला एलजीचा फ्रिज कदाचित रांजणगावच्या कारखान्यातला असेल. तळेगावला ह्युंदाईनं जनरल मोटर्सचा जुना प्लांट घेतलाय. लोहगावचं विमानतळ शेजारीच आहे. पण तिथून सोलला थेट विमान नाही, आणि पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पालकांची संमती यातलं काहीच स्क्रीनवर दिसत नाही. स्क्रीनवरचं अंतर आणि खरं अंतर यातला हा फरक तिला कुणीतरी सांगायला हवा.

पडद्यामागं काय आहे?

हेही सांगायला हवं. २००९ मध्ये टीव्हीएक्सक्यू या गाजलेल्या ग्रुपमधले तिघं आपल्याच कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. त्यांचा करार १३ वर्षांचा होता. त्याच वर्षी कोरियाच्या व्यापार आयोगानं नमुना करार काढला आणि सात वर्षांची मर्यादा घातली.

२०२४ मध्ये न्यूजीन्सची गायिका हानी हिनं कामाच्या ठिकाणी छळ झाल्याची तक्रार संसदीय समितीपुढं मांडली. कामगार खात्याचं उत्तर आलं की कायद्यानुसार ती ‘कामगार’ ठरत नाही, त्यामुळं हा कायदा तिला लागू होत नाही.

आता हे मुंबईत आलंय

२०२२ मध्ये ओडिशातल्या राउरकेलाची श्रेया लेंका ‘ब्लॅकस्वान’ या ग्रुपमध्ये निवडली गेली. पहिली भारतीय के-पॉप कलाकार म्हणून तिचं नाव झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये हाईबनं मुंबईत भारतीय शाखा सुरू केली. इथलेच कलाकार शोधून त्यांना आपल्या पद्धतीनं घडवायचं, असा तिचा हेतू आहे.

म्हणजे उद्या एखादी मुलगी ‘मला ऑडिशनला जायचंय’ म्हणाली, तर ते अगदीच हवेतलं स्वप्न नसेल. तेव्हा आईवडिलांना चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. करार किती वर्षांचा? शिकवण्याचा खर्च पुढं कुणाच्या कमाईतून वळता होणार? शाळेचं काय? मध्येच सोडलं तर काय? आणि ऑडिशनच्या नावानं कुणी पैसे मागत असेल तर सरळ फोन ठेवायचा, कारण मोठ्या कोरियन कंपन्या ऑडिशनसाठी फी घेत नाहीत.

ज्यांना कोरियाच गाठायचाय त्यांच्यासाठी दुसरा रस्ताही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांमध्ये शिकवता येतील अशा परदेशी भाषांच्या यादीत कोरियनचं नाव आहे. टोपिक नावाची सहा पातळ्यांची भाषा परीक्षा असते, शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी ती उपयोगी पडते. पुण्याच्या आसपास कोरियन कंपन्या असल्यानं इथं ही भाषा कामाचीसुद्धा आहे.

त्यामुळं घरातल्या भिंतीवर सात कोरियन पोरांचं पोस्टर लागलं तर ते फाडायची घाई करू नका. त्यातला तुझा आवडता कोण, एवढं विचारा. मुलं हे सगळं मोकळेपणानं घरात बोलू शकली, तर ‘मी कोरियाला निघालेय’ हे वाक्यही आधी घरातच ऐकू येईल.