‘सवय होईल’ एवढंच सांगून थांबू नका

कानात सतत आवाज येणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. डॉक्टर म्हणतात, ‘इलाज नाही, सवय होईल.’ घरचे म्हणतात, ‘सब्र करा.’ दोन्ही उत्तरं खोटी नाहीत, पण अर्धवट आहेत. आणि अर्धवट उत्तर घेऊन माणूस वर्षानुवर्षं एकटाच कुढत राहतो.

मी सहा वर्षांपासून हा आवाज घेऊन जगतो आहे. बारीक शिट्टीसारखा, कधी रातकिड्यांसारखा. बाजाराच्या गलबल्यात तो जाणवत नाही. मशिदीत सगळे शांत उभे राहिले किंवा रात्री दिवा मालवला, की तोच तेवढा उरतो. ताप मोजता येतो, मोडलेला हात दाखवता येतो. हा आवाज कुणाला ऐकवता येत नाही. म्हणून ‘मनाचे खेळ’ म्हणणारेही भेटतात आणि ‘नजर लागली’ म्हणून तावीज सुचवणारेही.

याला टिनिटस म्हणतात. आपल्या अंतर्कर्णात आवाज टिपणाऱ्या अतिसूक्ष्म केसपेशी असतात. वयामुळे किंवा गोंगाटामुळे त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारी खबर कमी झाली की मेंदू जणू रेडिओचा आवाज वाढवतो आणि नसलेला नाद ऐकू येऊ लागतो, असं तज्ज्ञांचं प्रमुख स्पष्टीकरण आहे. म्हणजे यात ना जिन्न आहे, ना वेडेपणा.

आता त्या ‘सवयी’बद्दल. घड्याळाची टिकटिक आपण काही वेळाने ऐकेनासे होतो, कारण मेंदू तिला बिनकामाची ठरवतो. कानातल्या आवाजाचंही तसं होऊ शकतं. पण मेंदूने त्याला धोका मानलं, तर तो त्यावर पहारा देत बसतो. काळजीने झोप उडते, झोप उडाली की आवाज जास्त छळतो. हे चक्र नुसत्या धीराने तुटेलच असं नाही. त्याला मदत लागते.

ती मदत आहे. ऑडिओमेट्री करून घ्यावी. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने अनेकांचा त्रास हलका होतो. रात्री पूर्ण शांतता टाळावी. पंख्याचा किंवा पावसाचा मंद आवाज असू द्यावा. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी या समुपदेशनाने आवाज कमी होत नाही, पण त्याची धास्ती कमी होते, हे अभ्यासांतून दिसलं आहे. उलट, गिंको आणि झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, असं अमेरिकेतल्या कानाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१४मध्येच सांगितलं. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर तपासणी टाळू नये. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. इलाज शोधत राहणं आणि जे उरेल ते सोसणं, असा मी त्याचा अर्थ घेतो.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यांत आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. तज्ज्ञांच्या मापाने ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम ही मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. आपला कारागीर तिथे बारा तासांची पाळी करतो, तीही कानात फार तर कापसाचा बोळा घालून. त्याने फारसं काही अडत नाही. गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८च्या कारखाना कायद्यात कळवणं बंधनकारक असलेला आजार होता, पण अनेक छोटे कारखाने त्या कायद्याच्या कक्षेतच येत नव्हते. या कारागिराला ‘सवय होईल’ म्हणणं म्हणजे नुकसान चालू ठेवायला सांगणं आहे. चांगले इअर प्लग आणि वर्षातून एक कानतपासणी, एवढं मालकांनी करायलाच हवं. आमच्या जमातींनी आरोग्य शिबिरात साखर आणि रक्तदाबासोबत कानही तपासावेत. आणि जुलूस कोणाचाही असो, ईदे मिलादचा किंवा गणपतीचा, डीजेच्या भिंतीसमोर लेकरांना उभं करू नये.

माझा आवाज गेलेला नाही. हे लिहितानाही तो आहे. मात्र आता दिवसात कित्येक तास त्याची आठवण होत नाही, आणि झोप लागते. तुमच्या घरी कुणी म्हणालं, ‘कानात काहीतरी वाजतंय’, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. मग त्याला तपासणीला घेऊन जा. सवयीची गोष्ट त्यानंतर करू.