चुकीचं ऐकलं, पण कोशात बसलं

अमेरिकेतल्या आपल्या घरांत इंग्रजी शब्दकोशाला पोथीचा मान आहे. मुलं स्पेलिंग बीसाठी मेरियम-वेबस्टर घोकतात. भारतातून आलेले आजोबा ‘फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस’ म्हणाले, की तीच मुलं चारचौघांत त्यांना अडवतात: “आजोबा, इंटेंट्स अँड पर्पजेस!” आईबापही हसतात. पुढच्या वेळी आजोबा मराठीतही कमीच बोलतात.

हीच चूक इंग्रजीखेरीज दुसरी भाषा न येणारे अमेरिकनही करतात. तरी असल्या चुका कोशात नकोत, नाहीतर भाषा बिघडेल, असं आपल्यातलेच सुशिक्षित सांगतात. मला हे पटत नाही. कोश म्हणजे न्यायालय नव्हे, भाषेची रोजकीर्द आहे. जे चलनात आहे ते त्यात लिहायचं.

शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी ‘ब्राइडग्रूम’ची व्युत्पत्ती पाहावी. जुन्या इंग्रजीत त्याच्या शेवटी ‘गुमा’ होता, म्हणजे पुरुष. तो शब्द विस्मरणात गेला आणि लोकांनी त्या जागी ओळखीचा ‘ग्रूम’ बसवला. ओकच्या फळाच्या ‘एकॉर्न’चाही मुळात ‘कॉर्न’शी संबंध नाही. त्याचंही कुणीतरी ‘एगकॉर्न’ केलं. २००३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी अशा सगळ्याच चुकांना ते नाव सुचवलं आणि २०१५ मध्ये ते मेरियम-वेबस्टरमध्ये आलं.

आपल्याकडे काय झालं? मोहरमच्या मिरवणुकीतलं ‘या हसन, या हुसैन’ गोऱ्या सोजिरांना ‘हॉब्सन-जॉब्सन’ ऐकू आलं. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी आपल्या कोशाला तेच नाव दिलं. पहारेकऱ्याचं ‘हू कम्स देअर’ आपल्या शिपायांच्या तोंडी ‘हुकुमदर’ झालं, त्यावर मात्र विनोद झाले. साहेबाची चूक ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आणि शिपायाची चेष्टेत, हा कुठला न्याय?

प्रत्येक घसरलेल्या जिभेची नोंद करा, असं मी म्हणत नाही. प्रयोग अनेकांच्या तोंडी हवा, बरीच वर्षं टिकलेला हवा, छापील मजकुरात सापडायला हवा. या कसोटीला उतरला तर त्याला जागा द्यावी, शेजारी ‘प्रमाण रूप वेगळे’ असा शेराही द्यावा. परीक्षेत मुलांनी प्रमाण रूपच लिहावं. पण जेवणाच्या टेबलावर परीक्षा नसते. तिथे आजोबांचं वाक्य पुरं होऊ द्यावं.