पर्यावरण शिकून पुढे काय?



मुलांनी डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, निदान अकाउंटंट तरी व्हावे, ही आपली जुनी इच्छा. त्यात वावगे काही नाही. पण पदवी झालेली मुलगी म्हणाली, "आई, मला पर्यावरणशास्त्रात मास्टर्स करायचंय," की घरात शांतता पसरते. मग बाबा हळूच विचारतात, "ते शिकून पुढे काय?"

माझे स्पष्ट मत असे, की अशा मुलीला अडवू नये.

पर्यावरण म्हणजे झाडे लावणे आणि प्लॅस्टिक गोळा करणे, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. ही कामे चांगलीच आहेत, पण विद्यापीठातला अभ्यास त्याहून अवघड असतो. त्याला भौतिकशास्त्र लागते, रसायनशास्त्र लागते आणि गणित तर लागतेच लागते.

'रँग्लर परांजपे' हे नाव आपल्या आजी-आजोबांना नक्की ठाऊक असेल. ते १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. त्यांच्या आधी दहा वर्षे, १८८९ साली, हाच मान गिल्बर्ट वॉकर यांना मिळाला होता. हे वॉकरसाहेब १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. पावसाळा कसा जाईल हे आधी सांगता यावे, म्हणून त्यांनी जगभरच्या हवेचा दाब, पाऊस आणि तापमान यांचे आकडे जमवून ताडून पाहिले. पॅसिफिक महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो कमी होतो, हा झोपाळा त्यांना त्या आकड्यांत सापडला. आज पावसाच्या बातम्यांत 'एल निनो' ऐकतो, त्याचे धागे इथे जुळतात. कोकणातल्या शेतकऱ्याच्या कामाचे हे ज्ञान एका गणित्याने शोधले!

इथे ब्रिटनमध्ये या शिक्षणाची उत्तम सोय आहे. नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९६७ साली पर्यावरणशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९७२ साली तिथेच हवामान संशोधन केंद्र निघाले. रेडिंगचा हवामानशास्त्र विभागही नावाजलेला आहे. मास्टर्स बहुधा एका वर्षाचे असते. पुढे पीएच.डी. करायची तर अनेक जागांना फी आणि निर्वाहभत्ता दोन्ही मिळतात. नोकऱ्या हवामान खात्यात, पाणी कंपन्यांत, कौन्सिलमध्ये, इतकेच काय, विमा कंपन्यांतही आहेत. बँकेतल्याइतका पगार मिळेलच असे नाही, हे मात्र मुलांनाही आधीच सांगावे.

आणि हा विषय परका तरी कुठे आहे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमध्ये पारा ४०.३ अंशांवर गेला. अशा प्रत्येक घटनेत हवामानबदलाचा वाटा किती, हे मोजणे हेच या शास्त्राचे काम. आपली दोन्ही घरे त्यात आली, इथले आणि तिथले.

आता आपल्या शनिवारच्या वर्गाबद्दल. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी १९६९ साली हार्वर्डला पीएच.डी. केली आणि नंतर ते सह्याद्रीत परतले. वर्तकांबरोबर त्यांनी देवरायांचा अभ्यास केला. तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. कुठली राई देवाची, तिथली कुठली झाडे तोडायची नाहीत, हे गावातल्या माणसांनाच ठाऊक असते आणि ती माणसे मराठीतच सांगतात. उद्या आपल्यापैकी कोणी प्रबंधासाठी सिंधुदुर्गात गेले, तर दुभाषा लागू नये. आज गिरवलेली बाराखडी तेव्हा उपयोगी पडेल.

म्हणून मुलांनो, दोन गोष्टी सोडू नका: गणित आणि मराठी. आणि पालकांनो, "पुढे काय?" हे जरूर विचारा, पण उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा.

बघा पटते का!