घरातील थकवा आणि एक रक्ततपासणी

यंदाच्या स्मरणिकेसाठी भुसार बाजारातील तेजीमंदीविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना होती. त्या विषयावर आम्ही यापूर्वी पुष्कळ लिहिले आहे आणि बाजारभाव आमच्या लेखाची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून या खेपेस पेढी बाजूस ठेवून घरातील एका गोष्टीविषयी लिहीत आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकाचा अधिकार आम्हास नाही. परंतु जी चूक आमच्या हातून घडली ती अन्य बंधूंच्या घरी घडू नये, एवढ्यापुरते बोलण्यास हरकत नसावी.

आमच्या सौभाग्यवती पहाटे उठणाऱ्या. चार वर्षांपूर्वी त्यांचे उठणे हळूहळू उशिराचे होऊ लागले. माडीचा जिना चढताना मध्येच बसत. चैत्राच्या उन्हात सारे बेळगाव पंख्याखाली बसलेले असता त्या शाल पांघरून असत. जेवण कमी, तरी वजन वाढत चालले. आवाज घोगरा झाला, केस गळू लागले, पोट साफ होईना, डाळीचा डबा कोठे ठेवला तेही आठवेना. घरात प्रत्येकाने या अवस्थेस आपापले नाव दिले. सूनबाई म्हणाल्या, वय झाले. चिरंजीवांनी मधुमेहाची शंका घेऊन साखर तपासून घेतली. ती ठीक निघाली व विषय मिटला. आणि आम्ही, लिहिताना लाज वाटते, एके दिवशी पाहुण्यांच्या देखत त्यास आळस म्हटले. त्या काही बोलल्या नाहीत.

असे दीड वर्ष गेले. पुढे चेहऱ्यावर व पायांवर सूज दिसू लागली, तेव्हा डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी गळा चाचपला, नाडी पाहिली आणि टी.एस.एच. नावाची रक्ततपासणी लिहून दिली. साधारणपणे ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा तो आकडा ६८ आला. नमुना पाहिल्यावाचून तुरीचे एक पोते न उचलणारे आम्ही. घरच्या माणसाविषयी मात्र काहीही न पाहता निकाल देऊन मोकळे झालो होतो.

थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढील भागात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकारात असते. शरीराचा सारा व्यवहार किती वेगाने चालावा हे तिच्या स्रावावर ठरते. तिच्यावर देखरेख मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची. टी.एस.एच. हा या पीयूषिकेचा तगादा होय. कूळ वेळेवर देत असेल तर तगादा बेताचा. देईनासे झाले की तगाद्यावर तगादे. म्हणून थायरॉइड मंदावली की टी.एस.एच. वाढतो, आणि ती अतिरेकाने काम करू लागली की तो जवळजवळ शून्यावर येतो. आकडा वाढला म्हणजे थायरॉइड वाढली, असा उलटा समज पुष्कळांचा असतो. आमचाही होता.

अतिरेकाचे उदाहरण आमच्या पेढीवरच घडले. जुन्या दिवाणजींचे अक्षर मोत्यासारखे. त्यांच्या खतावणीतील आकडे थरथरू लागले. भूक उत्तम, तरी अंग वाळत चालले. घाम, छातीत धडधड, चिडखोरपणा. बाजारात कुजबूज सुरू झाली की म्हातारपणी व्यसन लागले. सज्जन माणसास त्याचा फार मनस्ताप झाला. तपासणीत थायरॉइडचा अतिरेक निघाला, उपचार झाले आणि अक्षर पूर्ववत आले. कुजबुजणाऱ्यांपैकी कोणी क्षमा मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही.

घरच्या घरी करण्याजोगी एक पाहणी डॉक्टरबाईंनी शिकवली ती सांगतो. आरशासमोर उभे राहून मान किंचित मागे करावी, पाण्याचा घोट गिळावा आणि कंठमणी व गळ्याखालचे हाड यांमधील जागा पाहावी. गिळताना तेथे फुगवटा किंवा गाठ वर सरकताना दिसल्यास डॉक्टरांस दाखवावी. हात पुढे पसरून त्यावर कागद ठेवला तर बारीक कंपही दिसतो. विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटास १०० च्या वर वारंवार जात असेल तर तीही नोंद करावी. परंतु गळा निर्दोष दिसला म्हणून ग्रंथी निर्दोष ठरत नाही. आमच्या घरी गळ्यावर काहीच दिसत नव्हते. काखेत तापमापक लावून किंवा कातडीवर आयोडीनचा ठिपका देऊन थायरॉइड ओळखण्याचे जे उपाय सांगितले जातात, ते भरवशाचे नाहीत. निर्णय रक्तावरच होतो.

टी.एस.एच. बिघडलेला आढळल्यास फ्री टी फोर पाहतात, आणि शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटले आहे काय हे जाणण्यासाठी अँटी टी.पी.ओ. तपासणी करतात. आकडा किंचितच वाढलेला असल्यास बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात. लगेच जन्माची गोळी लागली असे समजू नये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या तपासणीत घोळ करतात, हे आधी डॉक्टरांस सांगावे.

आपल्या संस्थेच्या आरोग्य शिबिरात सर्वांचेच थायरॉइड तपासावे, अशी सूचना काही बंधूंनी केली आहे. आम्हास ती पटत नाही. लक्षण नसलेल्यांचे सरसकट रक्त काढून फार साधत नाही. उलट किरकोळ आकड्यांनी माणसे घाबरतात. फोनवरून विकल्या जाणाऱ्या साठ-सत्तर तपासण्यांच्या पॅकेजांचेही तेच. त्याऐवजी लक्षणांची एक छापील यादी घरोघर द्यावी. ज्यांना लक्षणे आहेत, ज्यांच्या आई-बहिणींस हा विकार आहे, ज्या गर्भवती आहेत किंवा ज्यांचे बाळंतपण नुकतेच झाले आहे, त्यांच्या तपासणीचा खर्च संस्थेने करावा. हा विकार स्त्रियांत कित्येक पटींनी अधिक, आणि घरात स्वतःविषयी शेवटी बोलणाऱ्याही त्याच. गर्भाच्या मेंदूची वाढ आरंभीच्या महिन्यांत आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते. नवजात बालकाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ही तपासणी होते. दोष असल्यास पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मतिमंदत्व टळते. नातवंडाच्या बारशाचा खर्च ठरवण्यापूर्वी रुग्णालयात ही चौकशी अवश्य करावी.

मिठाविषयी थोडे, कारण ते आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानी असते. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दाखवून दिले आणि १९६२ साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. आज किरकोळ विक्रीपर्यंत मिठात दहा लाख भागांस किमान १५ भाग आयोडीन असावे असा नियम आहे. बारमाही सैंधवच वापरणाऱ्या घरांनी याचा विचार करावा. सैंधवात सहसा पुरेसे आयोडीन नसते. तथापि आमच्या सौभाग्यवतींसारखा विकार मीठ वाढवून बरा होत नाही. ज्यास जपानच्या डॉ. हाशिमोटो यांचे नाव आहे तो हा विकार. १९१२ साली त्यांनी त्याचे वर्णन केले.

औषध म्हणजे सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर एक गोळी. लोहाची व कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी लागते. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवतात. पर्वकाळातील उपवासांत पुष्कळजणी ती परस्पर बंद करतात. तसे न करता आधी डॉक्टरांशी बोलावे. आमच्या घरी तिसऱ्या महिन्यात शाल पेटीत गेली. आता पहाटे पाच वाजता गोळी होते, आणि तिच्यानंतर पाऊण तास चहा नाही. चूल एकच, म्हणून तो नियम आम्हासही लागू करण्यात आला आहे.