जळण पारखून घ्यावे

२०१६ साली आलेल्या उज्ज्वला योजनेनंतर बेळगाव-निपाणी भागातील खेड्यापाड्यांतही गॅस पोचला; तथापि आंघोळीच्या पाण्यासाठी परसातील चूल आणि तांब्याचा बंब अनेक घरांनी अद्याप सोडलेला नाही. आंबोली-चोर्ल्याच्या बाजूने येणारी झड एकदा लागली की आठ-आठ दिवस हटत नाही. घरात वृद्ध माणूस अथवा बाळंतीण असेल तर ऊन पाण्यावाचून निभाव लागत नाही. अशा वेळी जळण ओले निघाले की फुंकणाऱ्या माउलीच्या डोळ्यांचे पाणी खळत नाही.

वखारीत लाकूड वजनावर मिळते. मण-शेर गेले, क्विंटल आला. पण लाकडातील पाणी लाकडाच्याच भावाने विकले जाते, ते तसेच राहिले. येथे वाचकांनी आम्हांस थोडे गणित करू द्यावे. शाळामास्तराची खोड जात नाही. एका क्विंटलमध्ये ४० किलो पाणी असेल तर खरे लाकूड ६० किलोच. तेच लाकूड वाळून त्यात पाण्याचा पाचवा हिस्सा उरला की वजन ७५ किलो भरते. म्हणजे २५ किलो पाण्याचे दाम आपण मोजले! शिवाय ते पाणी जाळावरच आटवावे लागते. थंड पाण्याला उकळी आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट त्याची वाफ करण्यास लागते. ती बंबाला मिळत नाही, धुराबरोबर जाते.

म्हणून जळण घ्यावे ते चैत्र-वैशाखात, आणि फोडलेले. 'बाभूळच आहे ना?' एवढे विचारून गिऱ्हाईक समाधान पावते. बाभूळ, चिंच यांचा जाळ टिकाऊ खरा. परंतु ओल्या बाभळीपेक्षा वाळलेला आंबा बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ढलपीच्या टोकास भेगा गेलेल्या असाव्यात, साल सहज सुटावी, दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता आवाज खणखणीत यावा. बद्द आवाज आला की कट्टिगी ओली, हे आमच्या कन्नड शेजारणी न पाहताही ओळखतात. रास वरवर सुकी दिसते. मधली ढलपी काढून पाहण्यास संकोच करू नये. घरी आणल्यावर खाली विटा, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळल्यास आतल्या आत बुरशी धरते. बिब्बा आणि कण्हेर यांचे लाकूड मात्र फुकट मिळाले तरी चुलीत घालू नये; त्यांचा धूर बाधतो. स्वतःच्या परसातील झाड तोडावयाचे असल्यास कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. निलगिरी, सुबाभूळ अशा काही जाती वगळता वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

आणखी एक गोष्ट निकडीची आहे. चुलीतील निखारे शेगडीत घेऊन बाळंतिणीची खोली उबदार ठेवण्याची चाल आहे. चांगल्या जळणाचा निखारा धूर करीत नाही, आणि घात होतो तो येथेच. धूर नाही म्हणून गारठ्याच्या रात्री दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. निजलेल्या माणसास तो जागे होऊ देत नाही. शेक घेताना खिडकी उघडी असावी, आणि निजण्यापूर्वी शेगडी, निखारे राखेने झाकलेले असले तरी, घराबाहेर नेऊन ठेवावी.